विश्लेषण : चाळीतून टॉवरमध्ये गेल्यावर घरात वारा येणार का?

गिरगाव, दादर, परळ, लालबागमध्ये पुनर्विकासाची बैठक भरली की चर्चा ठरलेली असते. चटई क्षेत्र किती, भाडे किती, कॉर्पस किती, पार्किंग मिळणार की नाही. नव्या घरात वारा कुठून येणार, हा प्रश्न क्वचितच निघतो. पुढची तीस-चाळीस वर्षे मे महिन्याच्या दुपारी ते घर राहण्याजोगे असेल की नाही, हे मात्र याच प्रश्नावर ठरणार आहे.

घरात उकडते, म्हणजे नेमके काय होते?

हवामान खाते सांगते ते तापमान मोकळ्यावर, सावलीत मोजलेले असते. घरात शरीराला जाणवणारी उष्णता सहा गोष्टींवर ठरते : हवेचे तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, भोवतालच्या भिंती-छताची उष्णता, अंगावरचे कपडे आणि चाललेले काम. म्हणूनच एकाच घरात हॉलमध्ये बसलेल्याला बरे वाटते आणि ओट्यापाशी उभी असलेली बाई घामाने निथळते.

मुंबईत आर्द्रता जास्त असल्याने घाम लवकर वाळत नाही. तो वाळवतो तो वारा. पंख्याचा वारा अंगावर आला, की खोलीचे तापमान तेच राहूनही दोन-तीन अंश कमी असल्यासारखे वाटते. भिंतीचे गणित वेगळे. पश्चिमेची काँक्रीटची भिंत दुपारभर तापते आणि रात्री ती उष्णता घरात सोडते. बाहेर गार झाले तरी आत झोप लागत नाही, ती यामुळे.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईने काय केले होते?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या खोल्यांकडे राज्यकर्त्यांचे लक्ष तेव्हा गेले आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गिरगाव चौपाटीकडून पूर्वेला जाणारा सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, याच ट्रस्टने काढला. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत पोहोचावा, हा त्यामागचा एक हेतू होता. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतीही ट्रस्टच्याच.

ट्रस्टने प्रकाश आणि हवेसाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम वापरला. सोप्या भाषेत सांगायचे, तर खिडकीसमोर इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी मोकळी जागा हवी. बारा मीटर उंचीला सहा मीटर. आजच्या चाळीस मजली टॉवरला हा नियम जसाच्या तसा लावणे शक्य नाही. पण त्यामागचे तत्त्व जुने झालेले नाही. उंची वाढली की मोकळी जागाही वाढायला हवी. पुनर्विकासात नेमके याच मोकळ्या जागेच्या निकषांत सवलती दिल्या जातात.

जुनी चाळ खरेच गार होती का?

सरसकट नाही. गिरगावातल्या गॅलरीच्या चाळीत समोर दार, मागे खिडकी आणि मध्ये एक-दोन खोल्या. वारा आरपार जायचा आणि गॅलरीमुळे भिंतीवर थेट ऊन पडत नसे. पण वरच्या मजल्यावर पत्र्याखाली राहणाऱ्यांना उन्हाळा काय असतो, ते विचारावे. बीडीडी चाळींत तर मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. दार बोळात उघडणार, त्यामुळे आरपार वारा कठीणच.

त्यामुळे १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या, स्वतःचे शौचालय असलेल्या घरात जाणे हा मोठा आणि हक्काचा बदल आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये अशा घरांच्या चाव्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील रहिवाशांसाठीही असाच प्रकल्प सुरू आहे. जुन्या चाळींचे गोडवे गाऊन कोणी हा बदल नाकारू नये. पण घर मोठे झाले म्हणजे ते हवेशीर झाले, असेही कोणी समजू नये.

वारा नसेल तर नुकसान काय?

मुंबईतच याचे उदाहरण आहे. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या राहिल्या, की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचेना. तिथल्या क्षयरोगाचा संबंध या रचनेशी असल्याचे ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या २०१८ मधील अभ्यासातून पुढे आले.

एसी लावला की प्रश्न सुटतो ना?

थोडा सुटतो, पण बिलासह. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट वीज घेतो. ७५ वॉटचा पंखा एका युनिटमध्ये १३ तास फिरतो. शिवाय घरगुती स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. आणि घरातली उष्णता जाते ती अरुंद डक्टमध्ये, म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीपाशी. मग शेजारीही एसी घेतो.

मुंबईकराला गारेगार घर लागते, असेही नाही. भारतीय परिस्थितीसाठी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने तयार केलेले सूत्र २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आहे. बाहेरचे महिन्याचे सरासरी तापमान ३० अंश असेल, तर नैसर्गिक हवेच्या घरात सुमारे २९ अंश सुखकर वाटतात, असे ते सांगते. खिडकी उघडी असेल, तर मात्र.

नियम काय सांगतात?

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये आली. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश भाग बाहेर उघडणारा असावा, असे ती सांगते. ५०० चौरस फुटांच्या घराला सुमारे ८३ चौरस फूट. इथे एक मेख आहे : दोन पट्ट्यांची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते, त्यामुळे तिचे क्षेत्रही निम्मेच धरायचे. राज्य आणि स्थानिक नियमावलीत उतरल्याशिवाय मात्र अशी संहिता विकासकावर बंधनकारक होत नाही.

सही करण्यापूर्वी काय विचारावे?

- शेजारच्या इमारतीपर्यंत मोकळी जागा किती मीटर, आणि पार्किंगचा टॉवर नेमका कोणाच्या खिडकीसमोर?
- प्रत्येक घराला दोन वेगळ्या बाजूंना खिडक्या आहेत का? की दुसरी खिडकी डक्टमध्येच उघडते?
- खिडक्या पूर्ण उघडणाऱ्या की स्लायडिंग? वर छज्जा आहे का?
- पश्चिमेच्या भिंती कशाच्या? हलक्या एएसी ब्लॉकमधून काँक्रीटच्या मानाने कित्येक पट कमी उष्णता आत येते.
- पुनर्वसनाची इमारत आणि विक्रीची इमारत यांना मोकळ्या जागेचा निकष एकच आहे का?

ही उत्तरे तोंडी नकोत, नकाशासह करारात हवीत. वाढीव चौरस फुटांसाठी महिनोन् महिने घासाघीस करणाऱ्या सोसायटीला एक संध्याकाळ वाऱ्यासाठी देणे अवघड नाही. सोसायट्या विचारत नाहीत तोवर महापालिका आणि म्हाडानेच हे तपशील संमतीपत्रासोबत जाहीर करणे सक्तीचे करावे. रंग, लाद्या, नळ नंतर बदलता येतात. दोन इमारतींमधले अंतर एकदा चुकले, की ते बदलता येत नाही.