गाडी टायर आतून खाते, आणि तपासणी बाहेरून होते

"टायर फुटून अपघात." एवढी एक ओळ छापून आली की आपल्याकडे विषय संपतो. जणू काही वीज पडली, कुणाचाच इलाज नव्हता. माझं पुण्यात गेली बावीस वर्षं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे, त्यामुळे ही ओळ वाचली की मला गप्प बसवत नाही. पोस्ट लांब आहे, पण चारचाकी असेल तर वाचाच.

टायर सहसा एका दिवसात जात नाही. तो महिनोन्‌महिने सांगत असतो. फक्त तो सांगतो आतल्या कडेला, जिथे मालक बघत नाही, पंक्चरवाला बघत नाही आणि नाक्यावरचा तपासणीवालाही बघत नाही.

मागच्या महिन्यात एक दोन सीटची जर्मन स्पोर्ट्स कार आली. मालक तिशीच्या आतला, हिंजवडीत नोकरी, गाडी सेकंडहँड पण पोटच्या पोरासारखी ठेवलेली. तक्रार एवढीच की मागून घूं-घूं आवाज येतो, बेअरिंग बघा. शनिवारी समृद्धीवरून नागपूरला निघायचं होतं. गाडी लिफ्टवर घेतली. मागच्या टायरची बाहेरची नक्षी चांगली पाच मिलिमीटर शिल्लक. आतली कड मात्र तुळतुळीत, आणि डाव्या टायरला बोटभर रुंदीची तार उघडी पडलेली. त्याला खाली बोलावलं, म्हटलं हात लावून बघा. "काका, बाहेरून तर नवा वाटतोय!" बरोबर होतं त्याचं. बाहेरून नवाच होता.

हे कसं होतं ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

स्पोर्ट्स कारची मागची चाकं कंपनीतूनच वरच्या बाजूनं थोडी आत झुकवलेली असतात. याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. वेगात वळण घेताना वजन बाहेरच्या चाकावर जातं आणि चाक बाहेर कलंडायला बघतं. आधीच आत झुकवलेलं असलं की ऐन वळणात टायर पूर्ण रुंदीनं रस्त्याला टेकतो. रेस ट्रॅकवर झकास. पण आपली गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, सिंहगड रोडला तर उभीच असते. सरळ रस्त्यावर हा सगळा भार आतल्या कडेवर.

तरी नुसता कॅम्बर टायर सावकाश खातो. खरा खादाड म्हणजे टो. वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे वळलेली असतात किंवा बाहेर फाकलेली, तो टो. चाक पाव अंश वाकडं असेल तर डोळ्याला काहीही दिसत नाही. पण हिशेब करा. पाव अंश म्हणजे दर किलोमीटरला साधारण ४.४ मीटर टायर आडवा खरवडला जातो. १०,००० किलोमीटरला ४४ किलोमीटर! आणि कॅम्बरमुळे ही सगळी खरवड आतल्या इंच-दीड इंचावर येते. किसणीवर गाजर धरल्यासारखं.

या गाडीत तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. आधीच्या मालकानं गाडी खाली दिसावी म्हणून आखूड स्प्रिंग टाकले होते, त्यानं कॅम्बर कंपनीच्या मापाच्या दीडपट झाला होता. मागच्या आर्मचे बुश फाटलेले, म्हणजे ब्रेक मारला की चाक स्वतःच्या मर्जीनं दिशा बदलणार. तिसरी गोष्ट मला सगळ्यात झोंबली. गाडीत आधीच्या कुठल्याशा दुकानाची "थ्रीडी अलाइनमेंट"ची पावती होती, मशीनचा रिपोर्ट मात्र नव्हता. त्या दुकानात पुढच्या चाकांचा टो सेट केला असणार आणि मागच्यांना हातही लावला नसणार. मागची चाकं ॲडजस्ट होतात हेच अनेकांच्या गावी नाही. शिवाय अशा गाडीचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, त्यामुळे साध्या गाडीसारखे पुढचे मागे, मागचे पुढे करता येत नाहीत. जे घासतं ते तिथेच घासत राहतं. आवाजही बेअरिंगचा नव्हता, वेडावाकडा घासलेला टायरच घुमत होता.

त्या मापाचा टायर पुण्यात लगेच मिळेना. तो शनिवारी रेल्वेनं गेला.

आता कुणीतरी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले, आम्हाला काय त्याचं. अहो, स्पोर्ट्स कारमध्ये हे लवकर आणि ठळक दिसतं, एवढाच फरक. खड्ड्यात आदळून टाय रॉड वाकला की तुमची हॅचबॅकही हेच करते. हवा कमी ठेवली तर टायर दोन्ही कडांना घासतो आणि तापतो, जास्त भरली तर मधोमध. नायट्रोजन भरलाय म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो. प्रेशर बघा.

आणि रस्ते. २५५/३५ मापाच्या टायरची भिंत जेमतेम ८९ मिलिमीटर उंच असते, १६५/८० ची १३२. खड्ड्याचा दणका ही भिंत झेलते, ती जितकी बुटकी तितका दणका रिम आणि आर्मला. इंडियन रोड्स काँग्रेसचं स्पीड ब्रेकरचं माप ठरलेलं आहे, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, अलगद चढ-उतार. तुमच्या सोसायटीसमोरचा मोजून बघा. आमच्या गल्लीत रात्रीतून डांबराची वरवंट्यासारखी वळकटी टाकून गेलेत. तिचं बिल कुणाच्या तरी बुश आणि टायरमधून रोज वसूल होतंय. महापालिकेच्या हिशेबात ते कधीच दिसत नाही.

आता मुद्द्यावर येतो. समृद्धीची कमाल वेगमर्यादा १२० आहे. २०२३ साली अपघात वाढले तेव्हा परिवहन विभागानं एंट्रीवर टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. चांगलंच पाऊल होतं, त्याबद्दल वाद नाही. पण खिडकीतून वाकून किंवा शेजारी उभं राहून टायर बघितला तर काय दिसतं? बाहेरची कड. माझ्याकडे आलेली ती गाडी त्या तपासणीत शंभर टक्के पास झाली असती. नियम सांगतो की कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. नियम ठीक आहे हो, पण मोजायचं कुठे? बाहेर, मध्ये, आत, तिन्ही ठिकाणी मोजा. दांडीला लावलेला आरसा आणि टॉर्च, एवढंच सामान लागतं. सोसायटीच्या आणि मॉलच्या गेटवर गाडीखाली असा आरसा रोज फिरवतात, एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी का नको?

दुसरं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिल्यांदा १५ वर्षांचं असतं. या १५ वर्षांत धूर तपासायला पीयूसी आहे, पण टायर, बुश, स्टिअरिंग सक्तीनं तपासणारं कुणी नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते, आणि टायरची तार उघडी दिसली तर गाडी नापास. आपल्याकडे दरवर्षी नको म्हणा, पाच वर्षांनी एकदा तरी? यात नवा चिरीमिरीचा अड्डा तयार होईल ही भीती मलाही आहे. म्हणून मोजमाप मशीनचं असावं आणि त्याचा कागद मालकाच्या हातात पडावा.

तिसरं, अपघातानंतरचं. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ माणसं गेली. चालकानं टायर फुटल्याचं सांगितलं, पण परिवहन विभागाच्या अहवालात टायर फुटल्याच्या खुणा मिळाल्या नाहीत. म्हणजे नीट बघितलं की उत्तर बदलतं. मग प्रत्येक अपघातात का बघू नये? मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतातच. त्या रिपोर्टमध्ये चारही टायरची तीन-तीन ठिकाणची मापं आणि आतल्या कडेचा फोटो सक्तीचा करा. टायर दोन्ही कडांना घासलेला निघाला तर प्रश्न हवेचा, आतूनच घासलेला निघाला तर आर्म, बुश, अलाइनमेंट. एकाच पट्ट्यातल्या गाड्यांचे रिम वाकलेले निघाले तर रस्त्याच्या ठेकेदाराला विचारायला आधार मिळेल. आज हे सगळं "टायर फुटला" या दोन शब्दांखाली गाडलं जातं.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर लांबच्या प्रवासाच्या आधी स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली कड बघा. मागच्यांसाठी मोबाइलचा फ्लॅश लावून कॅमेरा गाडीखाली धरा आणि व्हिडिओ काढा. हात फिरवण्याआधी बघून घ्या, उघडी तार बोट कापते. आणि अलाइनमेंट केलीत की रिपोर्ट मागा. त्यात आधीचे आणि नंतरचे आकडे चारही चाकांचे असतात. मागच्या चाकांचा रकाना रिकामा असेल तर तिथेच थांबून विचारा. मागची चाकं ॲडजस्ट होत नाहीत असं सांगितलं, तर म्हणा हरकत नाही, पण मोजून तर दाखवा.