जमीन नाही म्हणून जामीन नाही

मागच्या बैठकीला कुंभिवलीत एक म्हातारी आई उठून बोलली आणि अख्खी बैठक गप झाली. ती म्हणाली, "माझ्या पोराला कोर्टानं सोडला, मग जेलवाले का सोडीत नव्हते?" तिला त्या वेळी कोणीच उत्तर दिलं नाही. आम्ही कार्यकर्ते म्हणवतो, पण आमच्याकडंही उत्तर नव्हतं. म्हणून हे लिहितो आहे.

झालं ते असं. पोरगा वीस वर्षांचा, कातकरी. एका फार्महाऊसवर रोजानं कामाला जायचा. तिथली तांब्याची वायर गेली. संशय कोणावर घेणार? सगळ्यात गरीब असेल त्याच्यावर. रात्री वाडीतून उचलला. का उचलला ते घरच्यांना सांगितलं नाही, हातात कागद दिला नाही. चार दिवसांनी कळलं, पोरगा जेलात आहे. आई मुलाखतीला गेली तर आधार कार्ड नाही म्हणून दारातून परत पाठवली. सव्वा महिन्यानं कोर्टानं 15 हजाराचा जामीन मंजूर केला. तरी पोरगा पुढं चार महिने आतच. कारण जामीनदार पाहिजे, आणि जामीनदाराचा सातबारा पाहिजे.

आमच्या वाडीत सातबारा कोणाच्या नावावर आहे? एकाच्याही नाही. दळी जमीन बापजाद्यांपासून कसतो, वनहक्काचे दावे टाकलेत, ते कचेरीत पडून आहेत. घराखालची जागासुद्धा दुसऱ्याच्या नावावर. मग सातबारा आणायचा कुठून?

शेवटी आईनं वीटभट्टीच्या शेठकडून उचल घेतली. कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीन राहणारी माणसं असतात, त्यातल्या एकाच्या हातात ती ठेवली. पोरगा सुटला, आणि दिवाळीनंतर उचल फेडायला अख्खं घर भट्टीवर गेलं. वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं बंद झाली म्हणतात. इथं तर जेलच्या दारातूनच वेठबिगार तयार होतोय!

साथींनो, जमीन आणि जामीन हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. ज्यांनी आपली जमीन आपल्या नावावर होऊ दिली नाही, तेच आता विचारतात की सातबारा कुठाय. बाहेर भूमिहीन ठेवायचं आणि भूमिहीन म्हणून आत ठेवायचं, असा हा न्याय आहे.

आणि हा काही एका वाडीचा प्रश्न नाही. सरकारचाच 2022 चा आकडा बघा. देशातल्या जेलांत 5 लाख 73 हजार माणसं होती. त्यातली 4 लाख 34 हजार कच्चे कैदी. कच्चा कैदी म्हंजे ज्याचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. चारातले तीन! कायदा म्हणतो शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष. मग हे तीन निर्दोष आत काय करतात?

कोर्टाला हे माहीत नाही असं नाही. 1978 साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला 10 हजाराचा जामीनदार मागितला होता. त्याचा भाऊ जामीन राहायला तयार होता, तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं आणि गरिबाला जातमुचलक्यावरही सोडता येतं असं सांगितलं. 1979 साली हुसैनारा खातून केसमध्ये बिहारचे असे कैदी पुढं आले की गुन्ह्याला जेवढी शिक्षा त्याहून जास्त वर्षं ते विनाखटला आत होते. 31 जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा सांगितलं की जामीन मिळूनही महिनाभरात माणूस सुटला नाही, तर अट सैल करता येते का ते कोर्टानं स्वतःहून बघावं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं निकाल लागतायत. वाडीपर्यंत एकही पोचला नाही.

तळोजा जेल आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. तिथं फादर स्टॅन स्वामी होते. झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीसाठी लढले, जेलात सडणाऱ्या आदिवासी तरुण पोरांसाठी हायकोर्टात गेले. 8 ऑक्टोबर 2020 ला त्यांनाच अटक झाली. वय 83, कंपवातानं हात थरथरायचे, पेला धरता येत नव्हता. पाणी प्यायला नळी आणि सिपर मिळावा म्हणून या म्हाताऱ्याला कोर्टात अर्ज करावा लागला. आजारपणासाठी मागितलेला जामीन नाकारला. 5 जुलै 2021 ला मुंबईच्या दवाखान्यात ते गेले. खटला उभासुद्धा राहिला नव्हता. म्हंजे मेले तेही कच्चे कैदी म्हणूनच. ज्यांचं नाव देशाला माहीत होतं त्यांना घोटभर पाण्यासाठी अर्ज करावा लागला, तर आपल्या वाडीच्या पोराचं आत काय होत असेल, विचार करा.

काही जण म्हणतील, मग काय चोर सोडायचे? नाही. खटला चालवा, शाबीत करा, मग शिक्षा द्या. आधी शिक्षा आणि मग खटला, हे चालणार नाही. आणि आपल्यातलेही म्हणतात, "पोलिसांनी नेला म्हंजे कायतरी केलं असंल." हे बोलणं आधी बंद करा. आपणच आपल्या पोराला पक्का कैदी करून टाकतो.

आता कामाचं बोलू. हे पाठ करा, वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

पकडल्यावर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावंच लागतं. का पकडलं ते सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं. आदिवासीला आणि कोठडीतल्या कोणालाही फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुका कोर्टात विधी सेवा समितीकडं अर्ज करा. पोलिसांनी मुदतीत, म्हंजे गुन्ह्याप्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत, चार्जशीट टाकली नाही तर जामीन हा हक्क आहे, मात्र तो मागावा लागतो. 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा आहे, त्याचं कलम 479 बघा. पहिलाच गुन्हा असेल, दुसऱ्या केसी चालू नसतील आणि फाशी-जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत गेल्यावर सोडायला पाहिजे. साध्या चोरीला 3 वर्षं, म्हंजे 1 वर्ष. अर्ज करायची जबाबदारी जेलच्या अधीक्षकावर आहे. जामिनाची रक्कम भरता येत नसेल तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे.

आपण मोर्चाला हजारांनी जातो. कोर्टाच्या तारखेला मात्र एकटी आई जाते, ती पण बाहेर झाडाखाली बसून येते. यापुढं प्रत्येक वाडीनं दोन माणसं नेमावीत. कोण आत आहे, किती दिवस आहे, वकील कोण, तारीख कधी, हे वहीत लिहावं. तारखेला आईबरोबर वाडी गेली पाहिजे. वही घेऊन आपण तहसीलवर वनहक्काचे दावे मागू आणि तीच वही घेऊन कोर्टात माणसं मागू.

त्या आईला उत्तर द्यायला उशीर झाला. पुढच्या आईला व्हायला नको.

जमीन आमची, माणसंही आमची!