हलव्याचा काटा आणि आपलं रक्त

परवा शेजारच्या काकू सुनेची फाईल घेऊन आल्या. सूनबाईंना आठवा लागलाय. "रक्तगट ओ आहे हो! घरात आम्ही तिघं ओ गटाचे, म्हणजे रक्ताची काळजी मिटली." मी म्हटलं, काकू, नमुना जुळवल्याशिवाय मिटली म्हणू नका हं.

भगिनींनो, कारण ऐका. संक्रांतीच्या हलव्यात तिळावर साखरेचा काटा फुलतो ना, तसाच काटा आपल्या तांबड्या पेशींच्या अंगावर असतो. (चहातल्या साखरेशी याचा संबंध नाही बरं का!) पेशी तयार होत असताना तिच्या आतच एन्झाइम नावाचे कारागीर प्रथिनांना आणि स्निग्ध पदार्थांना साखरेच्या साखळ्या जोडतात. साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर बसली की 'एच' तयार होतो. त्यावर आणखी एक साखर चढली तर ए गट, वेगळी चढली तर बी, दोन्ही प्रकार असले तर एबी आणि काहीच चढलं नाही तर नुसता एच, तोच आपला ओ.

आता काही थोड्या माणसांत हे फ्युकोज बसवणारा कारागीरच नसतो. मग ए-बीला बसायला जागाच नाही. साध्या तपासणीत असा माणूस ओ गटाचा वाटतो. पण त्याच्या रक्तात एचच्या विरोधी द्रव्ये असतात, त्यामुळे ओ गटाचं रक्तही त्याला चालत नाही. चढवलं तर पेशी फुटतात, मूत्रपिंडं बिघडतात, जिवावर बेततं. एरवी मात्र प्रकृती ठणठणीत! मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये हा गट जगापुढे मांडला, म्हणून त्याचं नाव बॉम्बे ब्लड ग्रुप. शहराचं नाव बदललं, गटाचं तेच राहिलं. भारतात साधारण १०,००० माणसांत एखादा सापडतो.

म्हणूनच दवाखान्यात "ओ आहे ना, मग चढवा लवकर" असा घायकुतेपणा नातेवाइकांनी करू नये. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त जुळवून बघतात, ती क्रॉसमॅच. चूक तिथंच पकडली जाते. हा गट कुणाचा निघालाच, तर आधी सख्ख्या भावंडांचं रक्त तपासावं. दोष आई आणि वडील दोघांकडून आलेला असतो, त्यामुळे बहुतेक वेळा प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता चारात एक असते.

काकू जरा हिरमुसल्या. "मग आमचे तिघे ओवाले?"

"त्यांनी यावंच की! फक्त नमुना आधी जुळवू द्या."