प्रीती आणि तंटा

धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरांत आणि दिवाणी न्यायालयांत सार्वजनिक न्यासांचे जे तंटे वर्षानुवर्षे पडून असतात, त्यांत ख्रिस्ती मंडळ्यांच्या मिळकतींचेही तंटे असतात, ही गोष्ट वृत्तपत्र वाचणाऱ्या कोणालाही नवी नाही. मिशनच्या अमदानीत मिळालेल्या जमिनी, शाळा, दवाखाने आणि बंगले यांचा कबजा कोणाकडे असावा, विश्वस्तांची निवड रीतसर झाली की नाही, जमाखर्चाच्या वह्या कोणाच्या कपाटात आहेत, अशा प्रश्नांवर एकाच मंडळीतली माणसे एकमेकांविरुद्ध अर्ज आणि कैफियती दाखल करतात, आणि रविवार उजाडला की तीच माणसे मंदिराच्या दोन बाजूंना बसून प्रीतीवरचा उपदेश निमूटपणे ऐकतात. बाहेरच्यांना या दृश्याची गंमत वाटते आणि आतल्यांना लाज. लाजेपोटी मग वडीलजन जो उपाय सुचवतात तो एकच असतो, आणि तो म्हणजे प्रीती ठेवा व वाद मिटवा. याचा व्यवहारातला अर्थ, ज्याची तक्रार आहे त्याने गप्प बसावे, एवढाच होतो. मला वाटते, मंडळीत भांडणे होतात हा तिचा दोष मुळी नव्हेच. भांडण करावयास घरातच एक अब्रूची जागा तिने राखली नाही, म्हणून ते कचेरीच्या पायऱ्या चढते.

ज्या प्रेषिताच्या शब्दांवर हे उपदेश उभारले जातात, त्या पौलाला या प्रकाराचे नवल वाटले नसते. इसवी सनपूर्व 44 मध्ये जूलियस सीझरने नव्याने वसविलेल्या करिंथ या व्यापारी बंदराच्या शहरात तो दीड वर्ष राहिला होता, आणि अखया प्रांताचा अधिपती गल्लियो याच्या न्यायासनापुढे त्याला तेथेच उभे केले गेले होते. डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखामुळे गल्लियोचा काळ इसवी सन 51-52 च्या सुमाराचा ठरतो. पुढे थोड्याच वर्षांनी इफिसहून पौलाने करिंथकरांस जे पत्र लिहिले, त्यातील प्रीतीचा अध्याय आज लग्नपत्रिकांवर छापला जातो. परंतु ते पत्र आरंभापासून वाचत गेले तर तो अध्याय तेरावा आहे आणि त्याच्या आधीचे बहुतेक सगळे अध्याय कज्जे-खटल्यांनी व्यापलेले आहेत, हे ध्यानी येते. कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा अशा तटबंद्या पडल्या होत्या. सहाव्या अध्यायात, बांधवांनी बांधवांवर सरकारी न्यायालयात दावे लावल्याबद्दल कडक कानउघाडणी आहे. आणि अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाची जी हकीकत येते, ती पंक्तिभेद म्हणजे काय हे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलेल्या महाराष्ट्राला कोणत्याही टीकाकारावाचून कळेल अशी आहे. सवड असलेले श्रीमंत लोक आधी येऊन जेवत, आणि दिवसभर राबून उशिरा पोहोचणाऱ्या गरिबांच्या वाट्याला उपास येई. त्या काळच्या रोमन घरात भोजनाच्या दालनात जेमतेम नऊ-दहा माणसे पहुडत व बाकीच्यांना बाहेरच्या चौकात बसावे लागे, हे लक्षात घेऊन काही अभ्यासकांनी ही फूट घराच्या रचनेतूनही समजावून दिली आहे.

या सगळ्या गोंधळाची वार्ता पौलाला कळली ती ख्लोवे नावाच्या एका स्त्रीच्या घरच्या माणसांकडून. ही माणसे बहुधा तिचे दास किंवा आश्रित असावीत, असे पुष्कळ पंडित मानतात. मंडळीच्या पुढाऱ्यांविरुद्ध खालच्या थरातून आलेल्या या वार्तेला पौलाने चहाडी म्हटले नाही. ती ग्राह्य धरली, कोणाकडून आली हे उघड लिहिले, आणि तिच्यावरून पत्राचा बराचसा डोलारा उभा केला. पहिल्या अध्यायातील या एका कृतीचे वजन मला तेराव्या अध्यायाइतकेच वाटते.

आता करिंथ सोडून आपल्या ओळखीच्या एका माणसाकडे येतो. 1883 साली पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, वँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाच्या आश्रयास राहिल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबर रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्या संघातील सिस्टर जेरल्डिन या त्यांच्या धर्ममाता झाल्या. या दोघींमध्ये पुढे जो पत्रव्यवहार झाला, त्याचा संग्रह खुद्द जेरल्डिनबाईंनी केला आणि ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली 1977 साली तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. ख्रिस्ती समाजातील नात्यांविषयी ज्याला काही जाणून घ्यावयाचे असेल त्याने दहा प्रवचने बाजूला ठेवून हा ग्रंथ वाचावा, असे मी आग्रहाने म्हणेन. कारण त्यात गोडवा बेताचाच आहे.

वादाचे विषय पाहिले तर थोरामोठ्या सिद्धान्तांपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळे आहेत. रमाबाई मांस आणि अंडी खात नसत; जेरल्डिनबाईंना त्यात जुन्या जातीचा ताठा दिसे. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, आपल्याला न कळणाऱ्या त्या भाषेऐवजी संस्कृत का नसावी, असे रमाबाईंनी विचारले. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी आणि अथनेशियसच्या मतांगीकाराविषयी त्यांनी शंका काढल्या, आणि त्यांची उत्तरे चर्चच्या अधिकाराचा हवाला देऊन नव्हे तर पवित्र शास्त्राच्या आधारे मागितली. चेल्टनम येथील मुलींच्या महाविद्यालयात असताना त्यांनी इंग्रज पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, हा प्रश्न निघाला तेव्हा तर मुंबई आणि लाहोर येथील बिशपांचा अभिप्राय मागविण्यात आला, आणि तो प्रतिकूल आला. 1885 सालच्या पत्रांत रमाबाईंनी यावर जे उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा की, एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले ते दुसऱ्याचे चढवून घेण्यासाठी नव्हे; सदसद्विवेक परमेश्वराने मलाही दिला आहे, आणि तो मी कोणाकडे गहाण टाकणार नाही.

यात जेरल्डिनबाईंची बाजू सर्वस्वी निर्मळ होती, असे कोणी म्हणू नये. गोऱ्या राज्यकर्त्यांच्या धर्मसंस्थेची त्यांना असलेली खात्री, नव्या शिष्येच्या बुद्धीविषयी कौतुकात मिसळलेला धाक, आणि आज्ञापालन हाच सद्‌गुणांचा मुकुटमणी मानण्याची मठातली सवय, या सगळ्यांची छाया त्यांच्या लेखणीवर आहे. रमाबाईंची लेखणीही काही वेळा नको तितकी तीक्ष्ण होते. परंतु एवढे सगळे होऊनही पत्रे थांबली नाहीत. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत राहिल्या. मनोरमेच्या बालपणाचा व शिक्षणाचा काही काळ त्याच आजीबाईंच्या देखरेखीखाली वँटेजला गेला. रमाबाईंनी अमेरिका गाठली, 1889 साली मुंबईत शारदासदन उघडले, पुढे केडगावला मुक्तिसदनाचा पसारा मांडला, आणि या सर्व काळात ज्या चर्चशी त्यांचे पटले नाही त्या चर्चमधल्या या बाईशी असलेले नाते त्यांनी तोडले नाही. जेरल्डिनबाईंनी तर स्वतःला उणेपणा आणणारी पत्रेही फाडली नाहीत, जपून ठेवली. धर्ममाता आणि धर्मकन्या यांच्यात जी अधिकाराची तफावत होती ती ध्यानात घेतली म्हणजे कळते की, धाकटीने थोरलीला विरोध करावा आणि तरीही घरची राहावी, ही दुर्मिळ गोष्ट येथे घडली. निरोगी नाते मी म्हणतो ते याला.

याच जातीचे दुसरे उदाहरण आपल्या साहित्यात सर्वांच्या परिचयाचे आहे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई काही वर्षे माहेरच्या माणसांत राहिल्या; पुढे त्या पतीकडे परतल्या तेव्हा स्वतःचा धर्म आणि स्वतःचे सोवळे घेऊन परतल्या, आणि त्यांनी 1900 साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळेला. टिळकांचा स्वभाव किती उतावळा व हट्टी होता हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास सांगावयास नको. अशा माणसाने या एका बाबतीत थांबून राहावे, याचे मोल म्हणूनच अधिक. उत्तरायुष्यात, 1917 साली, त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोहोंनाही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एका बंधुत्वात बसविण्याचा घाट घातला. पण 1919 च्या मे महिन्यात ते गेले आणि तो दरबार मूळ धरण्यापूर्वीच विस्कळीत झाला. त्याच्या पुनरुज्जीवनाच्या गोष्टी अधूनमधून निघतात, त्यांत मला फारसा अर्थ दिसत नाही. टिळकांवाचून तो दरबार चालणे कठीण होते.

आमच्या समाजाला अधिक अवघड असा प्रश्न पंक्तीचा आहे, आणि तेथे मात्र लपवालपव पुष्कळ चालते. अहमदनगर जिल्ह्यातील मंडळ्या प्रामुख्याने महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आलेल्या माणसांनी उभ्या केल्या. वसईकडील कॅथॉलिक धर्मग्रामांची पूर्वपीठिका निराळी आहे. प्रभुभोजनाच्या प्याल्यापुरता भेद बहुतेक ठिकाणी मिटला, हे मोठेच झाले. परंतु सोयरिकीची बोलणी निघाली की, “मूळचे कोण?” हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातोच, आणि विचारणारा कित्येकदा मंडळीचा मान्यवर पंच असतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्म पाहून ठरविल्या आणि दलित ख्रिस्ती माणसाला त्यांतून वगळले, याविरुद्ध आम्ही निवेदने देतो, मोर्चे काढतो, आणि ते सर्वथा योग्यच आहे. शीख समाजाला 1956 साली व बौद्ध समाजाला 1990 साली जी दाद मिळाली ती आम्हाला अद्याप मिळालेली नाही. परंतु जात आमच्यातही जिवंत आहे, हे सरकारपुढे पोटतिडकीने मांडणाऱ्या माणसाने तीच गोष्ट स्वतःच्या मंडळीच्या सभेत उच्चारली, की त्याला फुटीर म्हणून बाजूला सारले जाते, या विसंगतीचा जाब कोणी कोणाला विचारावा?

स्त्रियांच्या बाबतीत तर विचारण्याची सोयच ठेवलेली नाही. नवऱ्याची मारहाण सोसणारी बाई पाळकाकडे जाते तेव्हा क्षमा आणि सहनशीलता यांचे दाखले तिला ऐकवले जातात, आणि नवऱ्याला क्वचितच कोणी बोलावून घेते. तिला मिळणारा हा उपदेश प्रीतीच्या नावाने होतो, म्हणून तो अधिक घातक. कारण अशाने प्रीती हे बलवानाच्या सोयीचे हत्यार बनते. पौलाच्या अध्यायात प्रीती अन्यायात आनंद मानीत नाही असा स्पष्ट आशय आहे, तो या प्रसंगी कोणाला आठवत नाही.

म्हणून मला मंडळ्यांकडे जे मागावयाचे आहे ते अगदी रुक्ष आहे. वर्षातून एकदा, प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात, मंडळीची खुली सभा भरवावी. जमाखर्च आणि मिळकतीचा तपशील सर्वांपुढे मोठ्याने वाचून दाखवावा. प्रश्न विचारण्याचा पहिला हक्क जे पंच नाहीत त्यांना, आणि त्यांतही बायकांना असावा. आणि विचारलेला प्रश्न व दिलेले उत्तर दोन्ही मंडळीच्या दफ्तरात नोंदवून ठेवावे. घरगुती जाचाची तक्रार ऐकण्यासाठी दोन-तीन जाणत्या स्त्रियांची नेमणूक असावी, आणि त्यांना पाळकालाही जाब विचारण्याचा अधिकार असावा. कोणी म्हणेल की हा सगळा कारभाराचा भाग झाला, यात अध्यात्म कोठे आले? करिंथकरांस लिहिताना पौलाने कोणी केव्हा जेवावे, दावे कोणापुढे न्यावेत आणि वर्गणी आठवड्याच्या कोणत्या दिवशी बाजूला काढावी, हेसुद्धा लिहिले आहे. आणि त्याच पत्रात तो तेरावा अध्याय आहे.