ब्रेकचे नियम कडक, टायर मात्र दुर्लक्षित

पावसाळा सुरू झाला की गोव्यात दुचाकी घसरण्याच्या घटनांची चर्चा खड्डे आणि भरधाव वेग या दोन कारणांपाशी येऊन थांबते. ही कारणे खरीच आहेत. परंतु रस्ता आणि चालक यांना जोडणारे टायर व शॉक-अॅब्सॉर्बर यांची दखल क्वचितच घेतली जाते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जण दगावले. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होते.

सरकारने उपाय योजले नाहीत असे नव्हे. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस, तर त्याखालील दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा सक्तीची झाली. मात्र एबीएस चाक जाम होऊ देत नाही, इतकेच. पकड निर्माण करणे त्याच्या हाती नसते. ती टायरच्या रस्त्याला टेकलेल्या तळहाताएवढ्या भागावर ठरते. २०२२ मध्ये केंद्राने ओल्या रस्त्यावरील पकडीचे निकष अधिसूचित केले, ते मोटारी, बस व ट्रक यांच्या टायरसाठी. ज्या वाहनाचा तोल पकडीवरच अवलंबून असतो, ती दुचाकी त्यात नव्हती.

दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी, असा नियम आहे. पण ती मोजणार कोण? खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. या काळात धुराची तपासणी ठरावीक मुदतीने होते, टायरची होत नाही. त्यामुळे सारी भिस्त मालकाच्या निवडीवर राहते आणि ती निवड बहुधा किंमत, टिकाऊपणा व दिखाऊपणा पाहून होते. कडक रबराचा टायर अधिक किलोमीटर चालतो, पण ओल्या डांबरावर सहसा कमी पकड देतो. रिमला न मानवणारा रुंद टायर बसवला, की त्याची गोलाई बिघडते व वळणावर गाडी जड वाटते. मोठ्या गुट्ट्यांचा टायर लाल मातीच्या वाटेवर उपयोगी. डांबरावर मात्र त्याचा कमी भाग टेकतो. टायरच्या बाजूवरील चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. खरेदीवेळी ते पाहण्यास काहीच खर्च येत नाही.

शॉक-अॅब्सॉर्बरचेही तसेच. अनेक मोटारसायकलींच्या मागील स्प्रिंगचा ताण टप्प्याटप्प्याने बदलता येतो. मागे माणूस किंवा सिलिंडर असताना स्प्रिंग सैल राहिली, तर गाडीचा मागचा भाग बसतो, पुढचे चाक हलके होते आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. उलट, एकट्याने जाताना ती फार घट्ट असेल, तर खडबडीत रस्त्यावर चाक उडते. उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही. फोर्कच्या सीलमधून गळणारे तेल ब्रेकच्या डिस्कवर आले, तर धोका दुणावतो.

उपाय अवघड नाही. धुराच्या तपासणीसाठी दुचाकी केंद्रावर येतेच. तिथेच टायरची खोली, हवा व फोर्कची गळती पाहण्याची सोय करता येईल. चोर्ला किंवा अनमोड घाटातील ओल्या वळणावर शेवटी कामी येते ते रबरच. नियमांनी तिथवर पोहोचायला हवे.