मूर्ती लहान, आवाज खरा

दिवाळीच्या खरेदीवरून मध्यमवर्गीय घरात जे गोड संवाद झडतात, त्यांत अलीकडे एकाची भर पडली आहे. यजमान म्हणतात, "यंदा गाणं ऐकायला दोन चांगले स्पीकर घ्यावेत म्हणतो." दोघे दुकानात जातात. दुकानदार मोठ्या अदबीने दोन लाकडी खोकी पुढे ठेवतो. प्रत्येक खोके जेमतेम फूटभर उंच, चकलीच्या डब्याशी स्पर्धा करणारे! मग तो किंमत सांगतो. बाईसाहेब दुकानदाराला काहीच बोलत नाहीत; फक्त यजमानांकडे पाहतात. रस्त्यावर आल्यावर त्या पाहण्याचे शब्दांत रूपांतर होते : "एवढ्याशा खोक्याला एवढे पैसे? त्यात असतं तरी काय?"

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. घरातला पैसा घामाचा असतो, आणि ज्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही अशा वस्तूवर तो का खर्चावा, असे विचारण्याचा गृहिणीला पूर्ण हक्क आहे. तेव्हा आज ह्या खोक्याचे झाकण जरा उघडून पाहू.

स्पीकर म्हणजे मुळात एक पडदा. शंकूच्या आकाराचा, विजेच्या इशाऱ्यावर मागेपुढे हलणारा. तो पुढे आला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. उघड्यावर ठेवला, तर पुढची हवा कडेने मागे पळते आणि खर्जाचे स्वर जागच्या जागी जिरून जातात. म्हणून त्याला पेटीत बसवायचे. पण पेटी लहान केली की आतली हवा पडद्याला अडवू लागते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दांडा खाली रेटून पाहा, म्हणजे ही अडवणूक हाताला कळेल. ह्याच कारणाने एके काळी चांगला स्पीकर म्हणजे धान्याच्या कोठीएवढा, अशी सर्वांचीच समजूत होती.

ती समजूत १९५४ साली अमेरिकेत बदलली. एडगर व्हिलचर नावाच्या शिक्षकाने आणि हेन्री क्लॉस नावाच्या त्याच्या विद्यार्थ्याने मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली. व्हिलचरचा विचार साधा होता. हवा अडवते ना, मग तिलाच कामाला लावू! त्याने पडद्याची स्वतःची पकड अगदी सैल केली आणि पेटी घट्ट बंद केली. पडद्याला जागेवर परत आणण्याचे काम आता आत कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी करू लागली, आणि यांत्रिक स्प्रिंगपेक्षा पुष्कळ इमानाने करू लागली. कोठी गेली, पुस्तकांच्या फळीवर ठेवता येईल अशी पेटी आली. पुढे ह्या कंपनीने 'फाइन आर्ट्स क्वार्टेट' ह्या वादकांना घेऊन जाहीर प्रयोग केले. वादक वाजवता वाजवता मध्येच थांबत, पण गज हलवीत राहत; तेवढा वेळ वादन स्पीकरमधून चाले. केव्हा माणूस वाजवतो आणि केव्हा पेटी, हे श्रोत्यांना नेमके सांगता येईना.

पण छोट्या पेटीची खरी कथा घडली ती इंग्लंडात, आणि तीही काहीशी भातुकलीच्या खेळातून. १९७०च्या सुमारास बी.बी.सी.चे संशोधक स्टुडिओंच्या ध्वनिगुणांचा अभ्यास एक-अष्टमांश आकाराच्या प्रतिकृती बनवून करीत होते. खोली आठपट लहान, म्हणून आवाजाच्या लहरीही आठपट आखूड हव्यात. त्यासाठी स्पीकरही चिमुकलाच हवा. असा एक स्पीकर त्यांनी प्रयोगापुरता तयार केला. तो सहज ऐकून पाहिला, तर तो अपेक्षेपेक्षा फारच सुरेल निघाला!

त्याच वेळी बी.बी.सी.ची एक निकडीची अडचण होती. गावोगाव जाऊन कार्यक्रम प्रक्षेपित करणाऱ्या मोटारींत मोठे स्पीकर मावत नसत. नुसत्या हेडफोनवर ऐकून आवाजाचा तोल ठरवणेही अवघड. तेव्हा ह्या भातुकलीतल्या भांड्यालाच खऱ्या चुलीवर चढवण्याचे ठरले. त्यातून जो स्पीकर जन्मला, त्याचे नाव कारकुनी थाटाचे : 'एलएस तीन-पाच ए'. एलएस म्हणजे लाउडस्पीकर, तीन म्हणजे बाहेरच्या प्रक्षेपणासाठी, पाच हा क्रमांक आणि 'ए' म्हणजे सुधारित आवृत्ती. पहिली तुकडी झाल्यावर पडद्यांच्या गुणांत फरक पडलेला आढळला, म्हणून सगळी मांडणी पुन्हा तपासून हा 'ए' जोडावा लागला. उंची सुमारे १२ इंच, रुंदी साडेसात, खोली सव्वासहा. त्यात दोन पडदे : खालच्या व मधल्या स्वरांसाठी पाच इंची, आणि तारस्वरांसाठी पाऊण इंची घुमट. दोन्ही केंट परगण्यातल्या 'केईएफ' कंपनीचे.

आता बाईसाहेबांच्या प्रश्नाकडे येऊ. आत असते तरी काय?

पहिली गोष्ट, पडदा. पूर्वी पडदे कागदी लगद्याचे असत. कागद दमट हवेत बदलतो, आणि एका घाण्यातला लगदा दुसऱ्यासारखा निघेलच असे नाही. म्हणून बी.बी.सी.च्या मंडळींनी बेक्स्ट्रीन नावाच्या प्लॅस्टिकचा वापर रूढ केला आणि त्याची नको ती कुरकुर दाबण्यासाठी वर चिकट लेप दिला. आपल्या तबल्याच्या शाईची इथे आठवण होते. शाईचा लेप पुडीतून सुसंवादी स्वर निर्माण करतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली शास्त्रीय नियतकालिकात मांडले होते. तबल्याच्या लेपाने स्वर मिळतो, स्पीकरच्या लेपाने कुरकुर मिटते. पण पातळ थर जरा कमीजास्त झाला की सारे बिघडते, हे दोन्हीकडे सारखेच.

दुसरी गोष्ट, लाकूड. तंबोऱ्याचा भोपळा स्वतः गातो. तो गायला नाही तर मिरजेचा कारागीर त्याला हात लावणार नाही. स्पीकरच्या पेटीने मात्र मौन पाळले पाहिजे. गाणे गायकाचे, पेटीने त्यात आपला सूर मिसळायचा नाही. ह्यासाठी जाडजूड फळ्या ठोकाव्यात असे कुणालाही वाटेल. बी.बी.सी.ने उलट केले. अवघ्या १२ मिलिमीटरच्या बर्च प्लायवुडच्या भिंती, आणि आतून डांबरी थर. जाड फळी घुमली तर नेमकी मानवी आवाजाच्या प्रदेशात घुमते आणि घुमत राहते. पातळ व आतून लिंपलेली फळी त्याखाली घुमते आणि लगेच थंडावते.

तिसरी गोष्ट, दोन पडद्यांमधली वाटणी. ही साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपास होते, आणि ती करणारी विद्युत्‌मंडळाची पाटी आत दडलेली असते. दोन पडदे कधीच तंतोतंत सारखे निघत नाहीत. म्हणून घुमटाची पातळी बारीक पायऱ्यांनी जुळवण्याची सोय त्या पाटीवर ठेवली होती, आणि प्रत्येक स्पीकर प्रमाण नमुन्याशी ताडून पाहावा लागे. घुमटाभोवती जाड नमद्याच्या पट्ट्या चिकटवल्या, कारण पेटीच्या कडांवर आपटून येणारा आवाज मूळ आवाज गढूळ करतो. पैसे जातात ते ह्या जुळवण्याला आणि ताडण्याला. लाकडाचा भाव त्यात फारसा नसतो.

आणि ह्या खटाटोपाला कसोटी कोणती लावली? तोफा नव्हे, ढोल नव्हे. माणसाचे साधे बोलणे. माणसाचा आवाज कसा असतो हे आपल्या कानाला जन्मापासून पाठ असते. सतारीची एखादी तार जरा वेगळी लागली तर आपण सतारीला दोष देऊ. आईचा आवाज नाकातून आला तर दोष स्पीकरचाच, हे चार वर्षांचे पोरही सांगेल.

आता ह्या छोट्या मूर्तीला काय जमत नाही, तेही सांगितले पाहिजे. हॉफमन यांच्या नावाचा एक कडक नियम ह्या शास्त्रात आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, ह्या तिन्हींपैकी दोनच पदरात पडतात. तीन-पाच एला दिलेल्या विजेतला शंभरावा हिस्सासुद्धा आवाज बनत नाही. मोठ्याने वाजवू जाल तर तो दमतो. लग्नाच्या हॉलात तो बिचारा हरवून जाईल. खर्जही मर्यादित. पुरुष गायकाने काळी एक धरली, तर तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते, आणि नेमकी तिथेच ह्या स्पीकरची शक्ती उतरणीला लागलेली असते. तरी खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण वरचे स्वर स्वच्छ असले की कान पायाचा स्वर स्वतः भरून घेतो. टेलिफोनवर खर्जाचा भाग जवळजवळ येतच नाही, तरी मामांचा भरदार आवाज आपण भरदारच ऐकतो, तो ह्याच न्यायाने.

काय सोडायचे हे आधी ठरवले, आणि जे राखले ते चोख राखले, हीच ह्या रचनेची अक्कल. दोन खोल्यांत संसार केलेल्या वाचकांना ती वेगळी समजावून सांगायला नको.

ह्या कथेला एक घरगुती झालरही आहे. त्या परंपरेतल्या स्पेन्सर ह्यूज यांनी कंपनी काढली, तेव्हा आपल्या व पत्नी डोरोथीच्या नावांची अक्षरे जोडून तिचे नाव 'स्पेंडॉर' ठेवले. डडली हारवुड यांनी १९७७मध्ये पत्नी एलिझाबेथचे नाव जोडून 'हारबेथ' काढली. स्पीकरच्या खर्चावरून पत्नीशी वाद घालणाऱ्या यजमानांनी ह्याची नोंद घ्यावी! बी.बी.सी.च्या परवान्याने तीन-पाच ए बनवणाऱ्यांत ह्या दोन्ही कंपन्या होत्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस मूळ पडदे मिळेनासे झाले. पुढे ते पडदे ज्यांनी रचले होते, त्या माल्कम जोन्स यांनीच स्थापलेल्या 'फाल्कन' कंपनीने ते नव्याने घडवून ही जोडी पुन्हा बाजारात आणली. किंमत मात्र आपल्या हिशेबाने लाखांच्या घरात.

म्हणजे ती घ्यावीच, असे मुळीच नाही. पण कोणत्याही किमतीची जोडी घेताना हीच कसोटी लावता येईल. दुकानदार धडधडणारी तबकडी लावील. ती ऐकून घ्या आणि मग आपल्या ओळखीचा एखादा आवाज लावायला सांगा. बहुतेक घरांत आजोबांचे भजन, आजीच्या ओव्या, निदान मोबाइलवर टिपलेले चार शब्द असतातच. ते घेऊन जा. डोळे मिटा. आजी बोलत असल्याचे नुसते कळते, की आजी खोलीत आल्यासारखी वाटते? पैसे द्यायचे ते ह्या दोहोंतल्या अंतराचे. तेवढे अंतर कानाला जाणवले नाही, तर स्वस्तातली जोडी घेऊन निःशंक मनाने घरी यावे.

आणि घरी आल्यावर? घुमट कानाच्या उंचीवर येऊ द्या. दोन पेट्या आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण व्हावा. पेटी भिंतीला चिकटवलीत तर खर्ज फुगतो, म्हणून वीतभर तरी पुढे ओढा. उघड्या फरशीवर आवाज उड्या मारतो. तिथे सतरंजी अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा, पुस्तकांचे कपाट उघडे राहू द्या. ह्या उपायांना पैसा पडत नाही, आणि त्यांनी साध्या स्पीकरचाही आवाज केवढा सुधारतो, ते ऐकूनच पाहावे. सतरंजी कुठली अंथरायची, हे अर्थात बाईसाहेबच ठरवतील.