संध्याकाळ कोणाच्या मालकीची?

‘रोज अर्धा तास चाला’ हा सल्ला हल्ली दवाखान्याच्या भिंतीपासून वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपर्यंत सर्वत्र फुकट मिळतो. सल्ला चुकीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढ माणसासाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाचे प्रमाण सांगितले, त्यामागे पुरेसे शास्त्र आहे. परंतु सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो माणूस असतो, तो संध्याकाळी सहाला कचेरीतून परतणारा, चहा घेऊन पायांत बूट चढवणारा असतो. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत बारा तास राबून रात्री आठला कारखान्याच्या फाटकाबाहेर पडणारा कंत्राटी कामगार त्या चित्रात कुठेच बसत नाही. त्याला पुढे रक्तदाब किंवा मधुमेह जडला, की दोष त्याच्या आळसाचा ठरतो. व्यायाम हा प्रथम वेळेच्या वाटपाचा प्रश्न आहे, आणि वेळेचे वाटप कोण ठरवतो हे कामगार चळवळीला तरी नव्याने सांगावे लागू नये.

पालघर तालुक्यात हा भेद थोड्या किलोमीटरांच्या अंतरात पाहावयास मिळतो. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले आणि त्याच्याबरोबर कर्मचाऱ्यांची आखीव वसाहत आली. तेथे शाळा आहे, सावलीचे रस्ते आहेत, वाहनांची भीती न बाळगता पायी हिंडता येते. नोकरी कायमची, रजा ठरलेली, पाळ्यांचे वेळापत्रक आगाऊ माहीत. अशा माणसाने पहाटे फिरायला जाणे ही त्याच्या मनोनिग्रहाची खूण आहे, तशीच त्याच्या सेवाशर्तींचीही आहे. तेथून जवळच औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत आहे. रसायने, औषधे, कापडप्रक्रिया, पोलाद यांचे लहानमोठे कारखाने तेथे दाटीने उभे आहेत आणि त्यांतले बरेचसे मनुष्यबळ ठेकेदारामार्फत येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषणाचा निर्देशांक काढला, तेव्हा तारापूरचा क्रमांक पहिला लागला होता. खोलीवर परतलेला कामगार समजा पळायला बाहेर पडला, तरी दीर्घ श्वास घेऊन त्याने छातीत नेमके काय भरावयाचे?

तिसरा प्रकार खुद्द पालघरचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा झाल्यापासून कचेऱ्या वाढल्या, कारकून, शिक्षक, अभियंते यांचा राबता वाढला. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, तशी मुंबईकडे नोकरीसाठी जाणाऱ्यांचीही संख्या वाढली. बोईसरहून चर्चगेट शंभर किलोमीटरांच्या पलीकडे आहे. दिवसभर खुर्चीत बसणे आणि उरलेला वेळ गाडीत उभे राहणे, असा या वर्गाचा दिनक्रम. त्याची कीव करण्याचे कारण नाही, पण त्याचाही वेळ त्याचा राहिलेला नाही, हे मात्र खरे.

आता एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो आपल्यातलेही लोक घेतात. कामगार दिवसभर अंगमेहनत करतो, त्याला वेगळा व्यायाम कशाला? या समजुतीला एके काळी शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे वाटले होते. १९५३ साली जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने आपल्या सहकाऱ्यांसह लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. (पुढे त्याने चालकांच्या गणवेशाच्या विजारींची कंबरेची मापेही तपासली. आकडेवारी कुठे सापडेल याचा नेम नसतो.) परंतु वाहकाचे काम हे हलके, अधूनमधून थांबणारे होते. भट्टीपाशी उभे राहणे किंवा पोती वाहणे यांची त्याच्याशी तुलना होत नाही. २०१८ साली सुमारे १ लाख ९३ हजार लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जड अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका हलके काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी अधिक दिसला. फावल्या वेळातला व्यायाम आयुष्य वाढवतो आणि नोकरीतले कष्ट ते वाढवीत नाहीत, उलट घटवतात, हा विरोधाभास डेन्मार्कमधील संशोधकांनी पुढे मांडला आहे.

याचे कारण गूढ नाही. व्यायामात हृदयाची गती थोडा वेळ वाढते आणि मग शरीराला विसावा मिळतो. थकला की माणूस थांबतो. कारखान्यात तासन्‌तास तीच हालचाल, तेच वाकणे, तोच उष्मा असतो. नाडी आणि रक्तदाब दिवसभर चढे राहतात आणि थांबावयाचे केव्हा हे यंत्र किंवा मुकादम ठरवतो. घाम दोघांनाही येतो, परंतु एकाचा घाम स्वतःसाठी गाळलेला असतो आणि दुसऱ्याचा विकलेला.

खरी मेख वेळेपाशी आहे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात कामगार उत्पन्न आणि फुरसत यांतून आपल्या आवडीनुसार निवड करतो, अशी एक सुबक वक्ररेषा काढलेली असते. बोईसरमध्ये ही निवड अशी होते की, मूळ वेतनात खोलीचे भाडे आणि गावाकडची रक्कम भागत नाही, म्हणून कामगार स्वतःच जादा काम मागतो आणि ते न मिळाल्यास रागावतो. त्याला फुरसतीची आवड नाही असा निष्कर्ष यातून काढणे म्हणजे उपाशी माणूस पथ्य पाळतो म्हणण्यासारखे आहे. १९८२ च्या संपापूर्वीच्या लालबाग-परळच्या गिरणगावात व्यायामशाळा आणि कबड्डीचे संघ नांदले, ते काही तेथील माणसे जात्याच उत्साही होती म्हणून नव्हे. गिरणी आणि चाळ यांच्यात चालत जाण्याइतकेच अंतर होते, एका खोलीत राहणाऱ्यांच्या पाळ्या एकमेकांना ठाऊक होत्या आणि बहुतेकांची नोकरी टिकाऊ होती.

कबड्डीला सात गडी एका वेळी मोकळे लागतात. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाने गावोगाव ज्या शाखा चालवल्या, त्यांचा पायाही सामायिक संध्याकाळ हाच होता. आज आठवड्याला पाळी बदलणाऱ्या सात तरुणांना बोईसरमध्ये एका मैदानावर आणणे जवळजवळ अशक्य झाले आहे. मैदानही आता तासावर भाड्याने मिळते आणि जिमची फी महिन्याला भरावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्राचाही समावेश होता. तीत करमणूक म्हणून शारीरिक हालचाल करणारे लोक १० टक्क्यांहूनही कमी भरले. ही दरिद्री संख्या मुख्यतः संध्याकाळ गमावलेल्या समाजाची आहे.

स्त्री कामगाराच्या बाबतीत तर ‘कामाबाहेरचा वेळ’ हा शब्दच खोटा ठरतो. औषधांच्या कारखान्यात दिवसभर उभे राहून वेष्टने भरणारी बाई घरी येऊन पाणी भरते, चूल पेटवते, मुलांचे करते. तिला चालण्याचा उपदेश करणाऱ्याने आधी तिच्या घरातील पुरुषाला भांडी घासावयास सांगावे. आपले कार्यकर्तेही यातून सुटत नाहीत.

हे सारे आज लिहिण्याचे निमित्त निराळे आहे. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांचा केला. तो १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा आणि १९४८ मध्ये नऊ तासांवर आला, आठवडा ४८ तासांचा झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही दैनिक मर्यादा नवावरून पुन्हा बारा तासांवर नेण्यास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत आठ तासांचा दिवस लिहिलेला आहे खरा, पण जादा कामाची दारे नियमांच्या हाती ठेवलेली आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे हिशोब मांडला होता. आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करण्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात पक्षाघात आणि हृदयविकाराने ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. हा आकडा मंत्रिमंडळापुढे ठेवला गेला असता, तर बरे झाले असते.

जादा कामासाठी कामगाराची संमती लागेल, असे सांगण्यात येते. ठेकेदाराने उद्या काम द्यावयाचे की नाही यावर ज्याची चूल अवलंबून आहे, त्याची संमती किती स्वतंत्र असते हे वसाहतीतील कोणत्याही फाटकावर पाहून घ्यावे. संघटनांनी मात्र स्वतःचेही मागणीपत्र तपासले पाहिजे. त्यात बोनस असतो, महागाई भत्ता असतो, कंत्राटी कामगारांना कायम करण्याची मागणी असते. पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी जाहीर व्हावे, आठवड्यातून दोन ठरावीक संध्याकाळी सर्वांच्या मोकळ्या असाव्यात, आणि औद्योगिक वसाहतीतला मोकळा भूखंड दिवे लावून कामगारांच्या खेळासाठी राखावा, ही तीन कलमे त्यात सहसा आढळत नाहीत. बोईसरमधील पुढच्या वेतन करारांच्या वाटाघाटीत ती घालावयास मालकाच्या परवानगीची गरज नाही.